नकाशा किती चुकला, हे सांगता यायला हवे : रिमोट सेन्सिंग-जीआयएस अभ्यास मंडळास खुले पत्र

माननीय अध्यक्ष व सर्व सदस्य,
भूमाहितीशास्त्र अभ्यास मंडळ

सादर नमस्कार.

पदव्युत्तर वर्गासाठी आपण तयार केलेला नवा मसुदा आम्ही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. आजवर स्वतंत्र असलेले रिमोट सेन्सिंग (उपग्रह प्रतिमांवरून जमिनीचा अभ्यास) आणि जीआयएस (संगणकावरची नकाशा-माहिती प्रणाली) हे दोन पेपर त्यात एक झाले आहेत. प्रात्यक्षिकांचे तास निम्म्यावर आले आहेत. क्षेत्रभेट ‘ऐच्छिक’ झाली आहे आणि तिच्या बदल्यात संगणकावरच, मोठ्या करून पाहिलेल्या प्रतिमेवरून बिंदू टिपण्याची मुभा दिली आहे. वर्गीकरणाची, म्हणजे प्रत्येक पिक्सेल जंगल, पीक की पाणी हे ठरवण्याची, अचूकता तपासणे हा शेवटच्या घटकातला शेवटचा उपघटक आहे. सत्र संपत आल्यावर शेवटच्या उपघटकाचे काय होते, हे शिकवणाऱ्या कोणालाही सांगायला नको. एवढे कापून मोकळ्या झालेल्या जागेत डीप लर्निंगचा (नमुन्यांवरून संगणकाला शिकवण्याच्या पद्धतींचा) एक आख्खा घटक बसवला आहे.

मसुदा जसाच्या तसा मंजूर होऊ नये यासाठी हे पत्र. ते उघडपणे लिहितो आहोत, कारण या निर्णयाचे परिणाम मंडळाच्या बैठकीपुरते राहणार नाहीत. आमच्यापैकी काहीजण हा विषय शिकवतात, बाकीचे त्यावर पोट भरतात. या वर्गांतून बाहेर पडणाऱ्यांच्या नकाशांवर पिकांचे अंदाज बेतले जातात, पूररेषा आखल्या जातात, जंगल वाढले की घटले ते ठरते. चुकलेला नकाशा निस्तरण्याची वेळ आमच्यावर येते आणि त्याची झळ जमिनीवरच्या माणसाला बसते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : विद्यार्थ्याला नकाशा काढता येतो की नाही एवढेच पाहून भागणार नाही. तो कुठे, किती आणि कशामुळे चुकला आहे, हे त्याला सांगता आले पाहिजे. मसुद्यातून नेमके तेच गळले आहे.

पहिली हरकत : धुऊन-पुसून दिलेला डेटा

प्रात्यक्षिकांसाठी सुचवलेली प्रत्येक प्रतिमा आधीच कापलेली, ढग नसलेली आणि बँड (प्रकाशाच्या एकेका पट्ट्यातली प्रतिमा) रचून ठेवलेली आहे. विद्यार्थी फाइल उघडतो, मेनूतून एनडीव्हीआय (वनस्पतींची हिरवाई दाखवणारा निर्देशांक : निकट अवरक्त वजा लाल, भागिले दोहोंची बेरीज) निवडतो, हिरवा नकाशा येतो, तो जर्नलमध्ये चिकटतो आणि सही होते. खरे काम या सगळ्याच्या आधी असते आणि चुकाही तिथेच होतात.

लँडसॅट ८ आणि ९ या अमेरिकी उपग्रहांची कलेक्शन २, लेव्हल २ ची प्रतिमा घ्या. तिच्यात साठवलेले आकडे म्हणजे परावर्तन (पडलेल्या प्रकाशाचा परतलेला वाटा) नव्हे. प्रत्येक आकड्याला ०.००००२७५ ने गुणायचे आणि त्यातून ०.२ वजा करायचे, तेव्हा परावर्तन मिळते. दाट पिकाच्या एखाद्या पिक्सेलमध्ये लाल बँडचे परावर्तन ०.०५ आणि निकट अवरक्त बँडचे ०.३५ असेल, तर एनडीव्हीआय ०.७५ येतो. तेच सूत्र फाइलमधल्या कच्च्या आकड्यांना, म्हणजे ९,०९१ आणि २०,००० यांना लावले की उत्तर येते ०.३७५. निम्मे! संगणक कुठलीही तक्रार करत नाही, नकाशा हिरवाच दिसतो. ‘एनडीव्हीआय हे गुणोत्तर आहे, त्यामुळे एकक कटून जाते’ हे उत्तर तोंडी परीक्षेत हमखास ऐकू येते आणि ते अर्धेच खरे आहे. गुणक कटतो, वजाबाकी कटत नाही.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचीही हीच गत. २५ जानेवारी २०२२ पासून प्रोसेसिंग बेसलाइन (प्रक्रियेची आवृत्ती) ०४.०० लागू झाली आणि तेव्हापासून साठवलेल्या आकड्यांत १,००० मिळवलेले असतात. आधी आकडा थेट १०,००० ने भागला की काम व्हायचे. आता आधी १,००० वजा करावे लागतात. वरचाच पिक्सेल जुन्या पद्धतीत ५०० आणि ३,५०० असा दिसेल, नव्या पद्धतीत १,५०० आणि ४,५००. वजाबाकी विसरली तर ०.७५ चा एनडीव्हीआय ०.५० होतो. २०२१ ची तुलना २०२२ शी करणारा विद्यार्थी मग ‘वनस्पती आच्छादनात लक्षणीय घट’ असा निष्कर्ष लिहून मोकळा होतो. तो दुष्काळ शेतात पडलेला नसतो, मेटाडेटाच्या (प्रतिमेबद्दलच्या माहितीच्या) फाइलमध्ये पडलेला असतो. गूगल अर्थ इंजिन या ऑनलाइन सेवेवर सेंटिनेल-२ चा ‘हार्मोनाइज्ड’ असा वेगळा संग्रह ठेवावा लागला, तो याच कारणाने. आपल्या मसुद्यात बेसलाइन, स्केल (गुणक), ऑफसेट (मिळवायचा वा वजा करायचा आकडा) यांपैकी एकही शब्द नाही.

बँडच्या क्रमांकांचा घोळ तर फार जुना. लँडसॅट ५ आणि ७ मध्ये निकट अवरक्त बँड चौथा आणि लाल तिसरा. लँडसॅट ८ मध्ये तेच पाचवा आणि चौथा. जुन्या जर्नलमधले ‘बँड ४ वजा बँड ३’ नव्या प्रतिमेवर उतरवले की लाल आणि हिरव्या बँडचे गुणोत्तर निघते आणि त्याला एनडीव्हीआय म्हटले जाते. लँडसॅट ७ चा स्कॅन लाइन करेक्टर ३१ मे २००३ रोजी बंद पडला आणि त्यानंतरच्या प्रत्येक दृश्यात सुमारे २२ टक्के भाग पट्ट्यापट्ट्यांनी रिकामा आहे. त्या रिकाम्या पट्ट्यांतले शून्य ‘नो डेटा’ म्हणून नोंदवले नाही, तर ते सरासरीत मिसळते किंवा वर्गीकरणात पाणी बनून येते. ढगांच्या सावल्यांचेही तसेच. गुणवत्ता बँडमधले बिट वाचून ढग आणि सावल्या वगळायला शिकवायला एक पूर्ण प्रात्यक्षिक लागते, आणि ते द्यायलाच हवे.

लँडसॅटचा संग्रह २००८ पासून मोफत आहे, सेंटिनेलचा पहिल्यापासून. पूर्ण, कच्चे दृश्य विद्यार्थ्याच्या हाती न देण्याचे कारण आता काय उरते?

दुसरी हरकत : प्रक्षेपणाला एकच तास

जीआयएसमधल्या ज्या चुका ओरडून सांगत नाहीत, त्यांतल्या बऱ्याच प्रक्षेपणाच्या, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या रीतीच्या, असतात. ओरडून सांगणाऱ्या चुकांची फारशी भीती नसते : अंश-मिनिटांतल्या थराला ५०० चा बफर (भोवतालचा पट्टा) दिला की ५०० अंशांचा बफर होतो आणि साऱ्या पृथ्वीवर रंग पसरतो. ते लगेच दिसते. उंचीचे रास्टर (पिक्सेलचा थर) अंशांत आणि उंची मीटरमध्ये ठेवून उतार काढला, तर जवळपास सगळीकडे ९० अंशांचे कडे उभे राहतात. तेही दिसते.

न दिसणारी चूक वेगळी. वेब मर्केटर या ऑनलाइन नकाशांच्या प्रक्षेपणातल्या थरावर क्षेत्रफळ मोजले तर विषुववृत्तापासून दूर जावे तसे ते फुगत जाते : २० अंश अक्षांशावर सुमारे १३ टक्के, ४५ अंशांवर दुप्पट, ६० अंशांवर चौपट. पार्श्वभूमीचा नकाशा वेब मर्केटरमध्ये असतो, प्रकल्पाने तेच प्रक्षेपण उचललेले असते, विद्यार्थ्याने काहीच निवडलेले नसते. १३ टक्क्यांची चूक नकाशावर पाहून कोणालाही कळत नाही.

प्रक्षेपण ‘नेमून देणे’ आणि ‘बदलणे’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीत निर्देशांकांना फक्त नवी पाटी लागते, दुसरीत निर्देशांकच नव्याने मोजले जातात. थर जागेवर बसत नाही म्हटल्यावर पहिली क्रिया करून तो जबरदस्तीने बसवणे, हा प्रकार फार फोफावला आहे. शेपफाइल (नकाशाच्या थराची फाइल) पाठवताना प्रक्षेपण सांगणारी पीआरजे फाइल मागे राहणे हे त्याचे नेहमीचे मूळ. (शेपफाइलबद्दल एक जाता जाता : स्तंभांची नावे दहा अक्षरांत कापली जातात, आणि अक्षरांची सांकेतिक पद्धत सांगणारी सीपीजी फाइल नसेल तर देवनागरीतली गावांची नावे बहुधा कचरा होऊन उघडतात. जिओपॅकेज हा फाइल-प्रकार हे दोन्ही त्रास टाळतो, तरी मसुद्यात फक्त शेपफाइलच आहे.)

जुना नकाशा स्कॅन करून जागेवर बसवण्याचे प्रात्यक्षिक मसुद्यात आहे, पण ‘आरएमएस त्रुटी (बिंदू सरासरी किती सरकले त्याचे माप) शून्याजवळ असावी’ एवढीच सूचना आहे. ती धोक्याची आहे. पहिल्या घाताच्या बहुपदीला किमान ३ नियंत्रण बिंदू (खरी जागा माहीत असलेले) लागतात, दुसऱ्या घाताला ६, तिसऱ्याला १०. नेमके तेवढेच बिंदू दिले की त्रुटी शून्यच येणार, कारण समीकरणे आणि अज्ञात संख्या बरोबरीत असतात. एक बिंदू चुकून शेजारच्या चौकात टाकला, तरीही शून्य. शून्य पाहून विद्यार्थी खूश, परीक्षकही खूश. बिंदू गरजेपेक्षा बरेच जास्त घ्यावेत, ते चारही कोपऱ्यांत आणि मध्ये पसरलेले असावेत, आणि काही बिंदू बाजूला ठेवून त्यांच्यावर त्रुटी मोजावी. हे शिकवायला तास लागतात, जे आपण कमी केले आहेत.

उंचीचा प्रश्न तर मसुद्यात नाहीच. जीपीएस मूळ उंची मोजते ती लंबगोलापासून, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासून. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाश शटलवरून रडारने मोजलेल्या एसआरटीएमच्या उंच्या दिल्या जातात त्या लंबगोलापासून नव्हे, तर समुद्रसपाटीशी जुळणाऱ्या जिऑइडपासून. या दोहोंतला फरक जगात सुमारे उणे १०६ ते अधिक ८५ मीटर इतका बदलतो. दोन्ही आकडे न जुळवता पूररेषेसाठी वापरले, तर पुढच्या कुठल्याच गणिताला अर्थ राहत नाही. शिवाय एसआरटीएममध्ये झाडांचे शेंडे आणि छपरे बऱ्याच अंशी मिसळलेली आहेत. ती उघडी जमीन नव्हे. खड्डे भरा, प्रवाहदिशा काढा, प्रवाहसंचय काढा, पाणलोट काढा अशी चार बटणांची साखळी पाठ होते, पण रस्त्याच्या भरावामुळे ओढा नकाशावर भलतीकडे का वळला, हे विचारले की शांतता.

तिसरी हरकत : ‘ऐच्छिक’ क्षेत्रभेट

क्षेत्रभेटीला खर्च येतो, परवानग्या लागतात, वेळापत्रक कोलमडते. हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही पडद्यावरून घेतलेला बिंदू तिची जागा घेऊ शकत नाही. पडद्यावरची ती बारीक प्रतिमा वेगवेगळ्या तारखांच्या तुकड्यांची गोधडी असते. आपण वर्गीकरण करतो ती प्रतिमा एका तारखेची, आणि तपासणी करतो ती दोन-तीन वर्षे जुन्या तुकड्यावरून. इमारत, रस्ता, तलाव ओळखायला ती चालेलही. उभे पीक कोणते, पडीक जमीन आहे की नुकतीच कापणी झालेली, झुडुपी जंगल आहे की सोडून दिलेली बाग, हे तिच्यावरून ठरवणे म्हणजे अंदाजाची तपासणी दुसऱ्या अंदाजाने करणे.

क्षेत्रभेट म्हणजे सहल नव्हे, हेही आपण लिहून द्यावे. मोकळ्या आकाशाखाली फोनच्या जीपीएसची चूक साधारण ५ मीटर असते, झाडांखाली किंवा उंच इमारतींत आणखी वाढते. सेंटिनेल-२ चा पिक्सेल १० मीटरचा. बांधावर उभे राहून घेतलेला बिंदू कोणत्या पिक्सेलमध्ये पडला, ते कोणीच सांगू शकत नाही. म्हणून एकसारखे आच्छादन निदान ३×३ पिक्सेल, म्हणजे ३०×३० मीटर पसरलेले असेल तिथे मधोमध उभे राहून नोंद घ्यायची. लँडसॅटसाठी हीच चौकट ९०×९० मीटर. नोंदीत निर्देशांक, तारीख, वेळ, जीपीएसने दाखवलेली चूक, चारही दिशांची छायाचित्रे, पिकाची अवस्था आणि उंची, जमीन किती टक्के उघडी, माती ओली की कोरडी एवढे हवेच. आणि भेट प्रतिमेच्या तारखेच्या आसपास, त्याच हंगामात. पीक उभे असतानाच्या प्रतिमेची तपासणी कापणीनंतर जाऊन होत नाही.

विभागाकडे स्पेक्ट्रोरेडिओमीटर (तरंगलांबीनुसार परावर्तन मोजणारे उपकरण) असेल तर तो कपाटातून बाहेर काढावा. पांढऱ्या संदर्भ फलकाचे वाचन दर काही मिनिटांनी पुन्हा घ्यावे लागते, सूर्य डोक्यावर असतानाच्या तासांतच मोजमाप करायचे, मोजणाऱ्याची सावली पडू द्यायची नाही आणि अंगात गडद कपडे हवेत, नाहीतर शर्टावरून परतलेला प्रकाशही आलेखात येतो. १,४०० आणि १,९०० नॅनोमीटरच्या आसपास आलेख वेडावाकडा का होतो, हे हवेतल्या बाष्पामुळे, असे पुस्तकात वाचून पाठ करण्यापेक्षा एकदा पाहिले की वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

चौथी हरकत, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत गंभीर : अचूकता

मसुद्यात ‘एरर मॅट्रिक्स आणि कप्पा सहगुणक’ एवढे पाच शब्द आहेत (म्हणजे नकाशावरचे आणि जमिनीवरचे वर्ग जुळवणारे कोष्टक आणि त्यावरून काढलेला एक आकडा). या पाच शब्दांत काय काय राहून जाते ते पाहू.

ज्या बहुभुजांमधून वर्गीकरण शिकवले, त्याच बहुभुजांतले उरलेले पिक्सेल तपासणीला वापरायचे, ही सर्रास पद्धत आहे. शेजारशेजारचे पिक्सेल एकमेकांसारखेच असतात, त्यामुळे ९८ टक्के अचूकता फुकट मिळते. प्रश्नपत्रिकेत सोडवून दिलेलीच उदाहरणे घालण्यासारखे हे आहे. तपासणीचे बिंदू वेगळ्या ठिकाणचे आणि संभाव्यतेच्या नियमाने निवडलेले हवेत.

किती बिंदू? अपेक्षित अचूकता ८५ टक्के धरली आणि ९५ टक्के विश्वासाने ५ टक्क्यांच्या आत उत्तर हवे असेल, तर नेहमीच्या सूत्राने १९६ बिंदू येतात. पण एखादा वर्ग नकाशाच्या १ टक्काच असेल तर या १९६ मधले जेमतेम दोन त्याच्या वाट्याला येतील. म्हणून वर्गवार थर पाडून बिंदू घ्यावे लागतात आणि लहान वर्गांना किमान वाटा, साधारण पन्नासच्या आसपास, राखून ठेवावा लागतो. याच आकड्यांवरून आणखी एक गोष्ट उघड होते. ‘अल्गोरिदम बदलल्यावर अचूकता ८७ वरून ८९ टक्के झाली’ अशी वाक्ये प्रबंधांत सर्रास असतात. दोनेकशे बिंदूंवर मोजलेल्या अचूकतेत पाच टक्के इकडे-तिकडे असताना दोन टक्क्यांच्या फरकावर निष्कर्ष उभा करता येत नाही.

आता क्षेत्रफळ. नकाशातले जंगलाचे पिक्सेल मोजले, पिक्सेलच्या क्षेत्रफळाने गुणले आणि कोष्टकात टाकले, हीच आज शिकवली जाणारी रीत. समजा प्रदेश १,००,००० हेक्टरचा आहे आणि नकाशा म्हणतो जंगल १०,००० हेक्टर. तपासणीत आढळले की नकाशावरच्या जंगलापैकी ९० टक्के खरोखर जंगल आहे, आणि ‘जंगल नाही’ म्हटलेल्या ९०,००० हेक्टरपैकी ५ टक्के प्रत्यक्षात जंगल निघाले. एकूण अचूकता झाली ९४.५ टक्के; कोणताही परीक्षक पाठ थोपटेल. पण खरे जंगल किती? ९,००० अधिक ४,५००, म्हणजे १३,५००. साडेचौऱ्याण्णव टक्के अचूक नकाशाने एक चतुर्थांशाहून जास्त जंगल गिळले. हीच एरर मॅट्रिक्स वापरून क्षेत्रफळ दुरुस्त करता येते आणि त्याला ‘अधिक-उणे इतके हेक्टर’ अशी मर्यादाही लावता येते. गणित बेरीज-गुणाकाराच्या पलीकडचे नाही. तरी ते मसुद्यात नाही. कप्पा मात्र आहे, ज्याच्या उपयुक्ततेवर या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनीच गेली कित्येक वर्षे प्रश्नचिन्ह लावले आहे.

बदल शोधण्याच्या प्रात्यक्षिकात हे सगळे दुणावते. दोन तारखांचे दोन नकाशे प्रत्येकी ८५ टक्के अचूक असतील आणि त्यांच्या चुका एकमेकांवर अवलंबून नसतील, तर दोन्ही बरोबर असण्याची शक्यता ०.८५ × ०.८५, म्हणजे सुमारे ७२ टक्के. उरलेल्या २८ टक्के पिक्सेलमध्ये निदान एक तरी चूक आहे. प्रत्यक्ष बदल पाच टक्के असेल, तर नकाशावर दिसतो तो बदल आहे की गोंगाट? हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात यायलाच हवा. त्यात एक प्रतिमा पावसाळ्यानंतरची आणि दुसरी उन्हाळ्यातली असेल तर सांगायलाच नको.

डीप लर्निंगला आमचा विरोध नाही. पण त्या पद्धतींना हजारो तपासलेले नमुने लागतात. नमुने कसे घ्यायचे आणि कसे तपासायचे हेच काढून टाकून वर हा घटक ठेवला, तर विद्यार्थी दुसऱ्याचा कोड चालवून दुसऱ्याच्या डेटावर मिळालेला आकडा स्वतःच्या नकाशाखाली लिहील.

इतर हरकती

रडारला एक व्याख्यान आहे. ढगांच्या दिवसांत, म्हणजे नेमक्या पुराच्या वेळी, उपयोगी पडते ते रडारच. ३० जुलै २०२५ रोजी निसार उपग्रह एल आणि एस अशा दोन बँडचे रडार घेऊन अवकाशात गेला; त्याचा डेटा वाचणारी माणसे कुठून येणार? सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाच्या प्रतिमेवर कक्षेची फाइल लावणे, थर्मल नॉइज काढणे, कॅलिब्रेशन, स्पेकल (दाणेदार गोंगाट) गाळणे, भूरूपानुसार दुरुस्ती आणि शेवटी डेसिबलमध्ये (लघुगणकी मापात) रूपांतर, एवढी साखळी मोफत स्नॅप सॉफ्टवेअरवर करता येते. क्रम महत्त्वाचा आहे. उणे १० आणि उणे २० डेसिबलची सरासरी उणे १५ नसते. मूळ प्रमाणात आणून केली तर ती सुमारे उणे १२.६ येते. आणि ‘काळे ते पाणी’ हा नियम वाऱ्याने खवळलेल्या पाण्यावर आणि वस्तीत शिरलेल्या पाण्यावर फसतो, कारण भिंती आणि पाणी यांवरून दोनदा उसळलेला संदेश उलट उजळ दिसतो. जिथे माणसे अडकलेली असतात तीच जागा नकाशावर कोरडी दिसते.

संगणकांविषयी. सेंटिनेल-२ च्या एका टाइलमध्ये १० मीटरच्या बँडचे १०,९८० × १०,९८० पिक्सेल असतात, म्हणजे १२ कोटींहून जास्त. १६ बिटांत एक बँड सुमारे २४० एमबी, असे चार बँड जवळपास एक जीबी, आणि दशांशातला एनडीव्हीआय आणखी ४८० एमबी. ४ जीबी मेमरीच्या यंत्रावर हे चालत नाही, म्हणूनच कापलेले इवलेसे तुकडे वाटले जातात. १६ जीबी मेमरी, एसएसडी आणि दृश्ये एकदाच उतरवून ठेवायला विभागाचा एक सामाईक सर्व्हर, एवढ्याने प्रश्न सुटतो. एकाच महागड्या सॉफ्टवेअरचे मोजके परवाने घेऊन प्रयोगशाळेला कुलूप लावण्यापेक्षा तो पैसा इथे घालावा. क्यूजीआयएस, ग्रास, जीडाल, पोस्टजीआयएस, पायथन ही मोफत साधने विद्यार्थी घरीही चालवू शकतो. क्लाउडवर काम शिकवतानाही सावधपणा हवा. अर्थ इंजिनमध्ये ‘स्केल’ (इथे पिक्सेलचा आकार) न सांगता किंवा ‘बेस्ट एफर्ट’ चालू ठेवून बेरीज केली, तर गणित गुपचूप मोठ्या पिक्सेलवर होऊ शकते आणि उत्तर तरीही नीटनेटके येते.

आमच्या मागण्या

१. दोन्ही पेपर स्वतंत्र ठेवावेत आणि प्रात्यक्षिकांचे तास पूर्वीइतके करावेत.

२. निदान अर्धी प्रात्यक्षिके पूर्ण, कच्च्या दृश्यावर व्हावीत : उतरवण्यापासून, मेटाडेटा वाचण्यापासून, ढग वगळण्यापासून.

३. क्षेत्रभेट सक्तीची असावी, प्रतिमेच्या हंगामात व्हावी आणि तिच्या नोंदींना स्वतंत्र गुण असावेत. सर्वांना दूर नेणे शक्य नसेल तर विद्यापीठाच्या आसपासचा परिसर चालेल. पडदा चालणार नाही.

४. अचूकता हा स्वतंत्र घटक व्हावा. त्यात नमुना निवड, वर्गवार अचूकता आणि क्षेत्रफळाचा दुरुस्त अंदाज मर्यादेसह यावा. त्याशिवाय कोणताही वर्गीकृत नकाशा प्रबंधात स्वीकारू नये.

५. रडारला निदान चार प्रात्यक्षिके द्यावीत.

६. मुक्त सॉफ्टवेअर हे शिकवण्याचे मुख्य साधन असावे.

७. जर्नलवरच्या सहीऐवजी हातात फोल्डर देऊन परीक्षा घ्यावी. त्यात एका थराची पीआरजे फाइल नसेल, एका प्रतिमेचा ऑफसेट काढलेला नसेल, एका रास्टरचा ‘नो डेटा’ नोंदवलेला नसेल. विद्यार्थ्याने दोष शोधावेत, दुरुस्त करावेत आणि प्रत्येक पायरी लिहून द्यावी : प्रतिमेचा ओळख क्रमांक, तारीख, प्रक्रियेची पातळी, प्रक्षेपण, सॉफ्टवेअरची आवृत्ती. ते वाचून दुसऱ्याला तोच नकाशा पुन्हा करता आला तरच पूर्ण गुण.

८. शिकवणाऱ्यांसाठी दर वर्षी उजळणी वर्ग आणि प्रयोगशाळेसाठी पूर्णवेळ तंत्रसहायक असावा. बेसलाइन बदलतात, संग्रह बदलतात. हे सगळे एकट्या प्राध्यापकाने रात्री जागून सांभाळावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

हा मसुदा विद्या परिषदेपुढे जाण्याआधी तो हरकतींसाठी जाहीर करावा आणि आलेल्या प्रत्येक हरकतीवर मंडळाचे म्हणणे लेखी द्यावे, ही विनंती. सातव्या मागणीतल्या परीक्षेसाठी लागणारी फोल्डरे, उत्तरसूचीसकट, आम्ही विनामोबदला तयार करून देऊ. मंडळाने वेळ दिल्यास त्यांतले एक बैठकीतच उघडून दाखवू.

आपले,
रिमोट सेन्सिंग आणि जीआयएस शिकवणारे व त्यात काम करणारे काहीजण